न केल्याचा दोष

केल्याने कर्त्याच्या पदरात काही पडत नाही, पण न केल्यास दोष लागतो, अशा कर्माला मीमांसाशास्त्रात नित्यकर्म म्हणतात. त्या दोषाचे नाव प्रत्यवाय. संध्यावंदन आणि अग्निहोत्र ही नेहमीची उदाहरणे. रोजची संध्या केली म्हणून कोणाला स्वर्ग मिळत नाही. चुकली तर मात्र खात्यावर नावे पडते. याच घडणीचे दुसरे एक क्षेत्र देवघरापासून बरेच लांब आहे. ते म्हणजे गावाचा रोजचा कारभार. नळाला पाणी आले, खांबावरचा दिवा लागला, गटार तुंबले नाही, बाळाच्या जन्माची नोंद वेळेत झाली, म्हणून ग्रामपंचायतीचे आभार मानायला कोणी जात नाही. पाणी दोन दिवस आले नाही, की रिकामे हंडे कार्यालयाच्या दारात येतात.

रेवस हे धरमतर खाडीच्या मुखावरचे बंदर, अलिबाग तालुक्यातले. समोर खाडीपलीकडे उरण तालुक्यातले करंजा. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच इथे लागते. नगरपरिषद पाहायची तर अलिबागला जावे लागते, ती १८६४ची. खाडीकाठच्या कोळी-आगरी गावांचा कारभार १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमाने चालतो आणि त्याचे खरे रूप मासिक सभेच्या विषयपत्रिकेत दिसते. पहिला विषय ठरलेला: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. दुसरा: मागील महिन्याच्या जमाखर्चास मंजुरी देणे. पुढे आलेल्या अर्जांचे वाचन, घरपट्टी आणि पाणीपट्टीची थकबाकी, दिवाबत्तीचे बिल, पाण्यात टाकायच्या जंतुनाशक टीसीएल पावडरीची खरेदी. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. आणि अगदी शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’.

कर्मांची शास्त्रातली वर्गवारी या कागदाला आश्चर्य वाटावे इतकी चपखल बसते. विशिष्ट फळाच्या इच्छेने केलेले ते काम्यकर्म. पुत्र हवा म्हणून पुत्रकामेष्टी, पाऊस हवा म्हणून कारीरी. रेवसच्या हिशेबात काम्यकर्म म्हणजे करंजाकडे जाणारा खाडीपूल. रेवस ते रेडी या सागरी महामार्गाची कल्पना बॅ. ए. आर. अंतुले यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळापासून, म्हणजे १९८०-८२ पासून सांगितली जाते, आणि कोकणातल्या कित्येक निवडणुका या पुलावरून अलीकडे-पलीकडे झाल्या. प्रसंग उद्‌भवला म्हणून करायचे ते नैमित्तिक, जसे ग्रहणाचे स्नान. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. उडालेली कौले आणि मोडलेल्या माडा-सुपारींचे पंचनामे हे नैमित्तिक. आयत्या वेळचे विषयही त्याच जातीचे. निषिद्ध कर्मांची यादी कायद्यात आहे. पंचायतीच्या कामात स्वतःचा हितसंबंध असलेला सदस्य अपात्र ठरतो. राहिले प्रायश्चित्त. लेखापरीक्षणात आक्षेप निघाले, की त्यांचा अनुपालन अहवाल पाठवावा लागतो. हे प्रायश्चित्त मनुस्मृतीतल्या कृच्छ्रांपेक्षा सौम्य आहे, पण चालते बरीच वर्षे.

या सगळ्यांमध्ये नित्यकर्मच असे, की ज्याची आठवण कोणी ठेवत नाही. रेवसच्या धक्क्याला दररोज बोटी लागत आल्या. सुखरूप लागलेल्या त्या बोटींची गणती कोणाच्या ध्यानात नाही. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येच्या तोंडावर, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. न लागलेली ती एक बोट तीन पिढ्या सांगितली जाते. नित्याचे स्मरण त्याच्या खंडातूनच होते.

आता या कल्पनेतली मोठी अडचण. न करणे म्हणजे अभाव. जे घडलेच नाही, ते कशाचेही कारण कसे होईल? ही शंका शंकराचार्यांनी गीताभाष्यात चौथ्या अध्यायावर आणि तैत्तिरीय उपनिषदावरील भाष्यातही उपस्थित केली आहे. असतापासून सत् निर्माण होत नाही, हे छांदोग्याचे म्हणणे त्यांना आधाराला आहे. प्रत्यवाय ही एक खरीखुरी अनिष्ट गोष्ट असेल, तर ती नित्यकर्माच्या अभावातून जन्माला येणार नाही. मग विहित कर्म न करणारा पतित होतो, या स्मृतिवचनाचे काय करायचे? आचार्य इथे व्याकरणाची मदत घेतात. ‘न करणारा’ या अर्थाच्या संस्कृत शब्दात जो प्रत्यय आहे, तो पाणिनीच्या सूत्राप्रमाणे हेतूही दाखवतो आणि लक्षणही. तो इथे लक्षण म्हणून घ्यावा. म्हणजे संध्या चुकल्याने पाप जन्मत नाही. आधीच साचलेले पाप फळायला आले आहे, हे संध्या चुकण्यावरून कळते. ताप हा रोग नव्हे, रोगाची खूण, तसेच काहीसे.

हे उत्तर शब्दच्छल वाटेल, पण गावाच्या कारभाराला लावून पाहिल्यास त्यात बरेच तथ्य दिसते. चार महिने ग्रामसभा झाली नाही, इतिवृत्त लिहिले गेले नाही, जमाखर्च वाचला गेला नाही, एवढ्यानेच गावाचे वाटोळे होत नाही. ते आधीच कुठेतरी सुरू झालेले असते. न लिहिलेले इतिवृत्त त्याचा पुरावा. जिल्हा परिषदेकडून येणारे तपासणी अधिकारी प्रथम नोंदवह्या मागतात ते याचसाठी. रस्ता पाहून जे कळत नाही ते रिकाम्या पानावरून कळते.

तरीही आचार्यांचे उत्तर सगळीकडे पुरत नाही, आणि ते कुठे अपुरे पडते हे दाखवायला रेवसच्या मागचा खारेपाट आहे. धरमतर खाडीच्या काठाने माणकुळ्यापासून शहापूर-धेरंडपर्यंत भाताची जमीन खाडीकडून मागून घेतलेली आहे. मातीचे बांध घालून खारे पाणी बाहेर ठेवायचे, उघाडीतून पावसाचे गोडे पाणी ओहोटीला बाहेर सोडायचे, आणि वर्षानुवर्षे पावसाने मीठ धुऊन निघाले की भात लावायचा. बांधाचा शत्रू लाट नव्हे. खेकडा आणि घूस हे खरे शत्रू. खेकड्याचे भोक मुठीएवढेही नसते. ते दिसताक्षणी चिखलाने बुजवले तर काम अर्ध्या घटकेचे. राहिले, तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी त्यातून धार धरते, माती झिजवते आणि बांधाला खांड जाते. मग शिवारात खारे पाणी उभे राहते आणि पुढची काही वर्षे तिथे भात होत नाही.

इथे न बुजवलेले भोक हे नुसते लक्षण नाही, नुकसानीला ते कारणही आहे. पण अभावाने समुद्र निर्माण केला, असे कोणी म्हणत नाही. समुद्र होताच, रेटा देतच होता. बुजवण्याचे काम त्याला अडवत होते. नैयायिकांनी हा मुद्दा चांगला धरला. दहाव्या शतकातल्या उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत वाद घातला आहे तो अग्नीचा. विशिष्ट मणी जवळ असला की अग्नी जाळत नाही, दूर केला की जाळतो, असा त्या काळचा सर्वमान्य दाखला. मीमांसक म्हणत, मण्याने अग्नीतली जाळण्याची शक्ती नष्ट होते. उदयन म्हणतात, अदृश्य शक्ती मानायची गरज नाही. कार्य घडायला जी सामग्री लागते तिच्यात प्रतिबंधकाचा अभावही मोजावा, म्हणजे झाले. अभाव एकटा काही घडवत नाही. इतर कारणे हजर असतील, तर त्यांच्या जोडीला तोही कारण ठरतो.

खारेपाटात इतर कारणे कायम हजर असतात. किनाऱ्यावरच्या कोणत्याही गावात असतात. मीठ लोखंड खाते, गाळ बंदर भरतो, मासळीच्या उरलेल्या घाणीवर माशा बसतात, विहिरीत जंतू वाढतात, माणसे विसरतात. या सगळ्या सतत चालणाऱ्या ओढींपुढे नित्यकर्म हा प्रतिबंधक. तो काढला की आपोआप जे व्हायचे ते होते. तेव्हा न केल्याचा दोष शून्यातून येतो, ही आचार्यांची हरकत गावापुरती तरी गळून पडते. ती कदाचित संध्येच्या बाबतीतच टिकेल, कारण संध्या कोणत्या भरतीला अडवते हे कोणी दाखवलेले नाही.

पण असे म्हटले, की नित्याला फळ नाही हे मूळ विधानही डळमळते. काही न घडणे हेच फळ झाले. मीमांसेतल्या दोन घराण्यांचा यावर जुना तंटा आहे. कुमारिल भट्टांच्या मताचे लोक म्हणतात, प्रयोजनाशिवाय शहाणा माणूस हात हलवत नाही. म्हणून प्रत्यवाय टाळणे आणि साठलेले पाप झिजवणे हे नित्यकर्माचे प्रयोजन मानावे. प्रभाकराच्या मताचे लोक ते नाकारतात. त्यांच्या मते वेदाची आज्ञा झाली, ती आपल्याला उद्देशून आहे हे कळले, एवढे पुरे. आज्ञेपलीकडे लाभ शोधू लागले, की नित्य आणि काम्य यांत फरक उरत नाही.

यातले कोणते मत गावाला जवळचे? वरवर पाहता भाट्टांचे. कर भरा, नाहीतर नळ तोडू, हे प्रत्यवायाचेच तत्त्वज्ञान. पण भोक बुजवणाऱ्याच्या जागी उभे राहिले की प्रभाकराचे बळ लक्षात येते. ज्या वर्षी उधाण बेताचे येते, त्या वर्षी न बुजवूनही काही बिघडले नसते. बुजवणाऱ्याला आपण काय टाळले हे कधीच कळत नाही. टळलेल्या अनर्थाचा पुरावा जगात कुठे पडून राहत नाही. साथ आली नाही ती टीसीएलमुळे की तशीही आली नसती, हे सांगणारी नोंदवही नाही. फळ मोजता येत नाही अशा कामाला फळाच्या हिशेबाने माणूस फार काळ जुंपता येत नाही. भोक दिसले, बुजवायचे, एवढ्यावरच ते चालते. मोजणीच्या योजना, गुण आणि पुरस्कार गावात येतात तेव्हा पहिला फटका या कामाला बसतो, कारण त्याचे छायाचित्र निघत नाही. अर्थात २०००-०१ पासूनच्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने स्पर्धा लावून अनेक गावे खरोखर झाडून काढली, हेही नमूद केले पाहिजे. झाडणे काम्य झाले तेव्हा ते जोमाने झाले. स्पर्धा संपल्यावर पुन्हा नित्यावर येणे, ही अवघड पायरी.

गरिबाच्या नित्यकर्माचे काय, हा प्रश्न जैमिनींनी मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात घेतला आहे. यज्ञाची सगळी अंगे जुळवण्याची ऐपत नसेल तर नित्यकर्म सोडावे की अपुरे करावे? निर्णय स्वच्छ आहे. नित्य यथाशक्ती करावे. काही अंगे राहिली तरी चालेल, मुख्य कर्म राहता कामा नये. काम्याला ही सवलत नाही. ते सर्व अंगांसह जमत असेल तरच हाती घ्यावे, कारण अर्धवट काम्याने फळ मिळत नाही आणि ते न केल्याने दोषही लागत नाही. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये पंचायतीची कर्तव्ये सांगताना ग्रामनिधीतून शक्य असेल तितपत, अशी अट आहे. कायदा लिहिणाऱ्यांच्या मनात जैमिनी असण्याचे कारण नाही, तरी सूत्र तेच. व्यवहारात मात्र गावोगाव ते उलटे फिरते. अर्धवट काम्ये जागोजाग उभी असतात: पायाच घातलेले सभागृह, पाण्यापर्यंत न पोहोचलेली जेटी. आणि नित्य मात्र निधी नाही म्हणून पूर्ण थांबते.

अंग कोणते आणि मुख्य कोणते हे ठरवणेही सोपे नाही. द्रव्य बदलले तरी कर्म टिकते, असे मीमांसा मानते. व्रीही नसतील तर नीवार, म्हणजे रानचे तांदूळ, चालतात. उन्हाळ्यात नळाऐवजी टँकर, हा त्याच जातीचा पर्याय. पण पाण्यात टीसीएल टाकायची राहिली तर? कागदावर ती पाणीपुरवठ्याचे एक अंग आहे, तेही स्वस्त. रोगाच्या दृष्टीने तीच मुख्य. यथाशक्तीच्या नावाखाली जे पहिल्यांदा सुटते ते बहुधा दिसायला अंग आणि असायला मुख्य असते.

पुढचा प्रश्न कर्त्याचा. नित्यकर्म कोणाचे, आणि ते न झाल्यास दोष कोणाला? मीमांसेत द्रव्याला प्रतिनिधी चालतो, यजमानाला चालत नाही. ज्याच्यावर विधी लागू आहे त्यानेच तो करायचा. ऋत्विज दक्षिणा घेऊन राबतात, पण कर्म यजमानाचेच राहते. ‘लोकप्रतिनिधी’ हा शब्द या कसोटीवर अडखळतो. गावाने पाच वर्षांतून एकदा मत देऊन आपले कर्तव्य दुसऱ्याच्या अंगावर घातले, असे होत नसेल, तर सरपंच आणि सदस्य हे ऋत्विज ठरतात आणि यजमान उरते ग्रामसभा. कायद्याचीही रचना तीच आहे. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्यायच्या. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल तितकी गणपूर्ती लागते. यजमान जमले नाहीत तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला मात्र गणपूर्तीची अट नाही, आणि गावोगावचे कितीतरी ठराव अशा तहकूब सभेतच होतात. यजमानाविना यज्ञ पार पाडण्याची ही वाट जैमिनींना रुचली नसती.

त्यांना जवळचे वाटेल असे एक उदाहरण मात्र मीमांसेतच आहे. सत्र नावाच्या दीर्घ यज्ञात किमान १७ जण एकत्र येतात आणि सगळेच यजमान, सगळेच ऋत्विज असतात. मध्येच एखादा मेला तर काय, असा प्रश्न उठतो. इथे अपवाद म्हणून प्रतिनिधी घेता येतो, कारण १७ची संख्या टिकली पाहिजे. पण त्या बदली माणसाला फळ नाही. ग्रामपंचायतीत ७ ते १७ सदस्य असतात. आकड्यांचा हा मेळ निव्वळ योगायोग आहे, पण मागची चिंता एकच आहे. माणसे मरतात, निवृत्त होतात, मुंबईला जातात. काम थांबता कामा नये. म्हणून अधिनियमाच्या कलम ९ ने पंचायतीला अखंड अधिकारपरंपरा आणि सामाईक शिक्का असलेली निगम संस्था केले. कोकणातल्या शिलाहार-यादव काळच्या दानशिलांवर चंद्र-सूर्य कोरलेले असतात, ते असेच सातत्य सांगायला. दान मोडणाऱ्याला तिथे गाढवाच्या चित्रासह शिवी असते. गधेगाळ म्हणतात ते हेच. आजच्या कायद्यात शिवी नाही. सलग सहा महिने परवानगीविना सभांना न येणाऱ्याचे सदस्यत्व जाते आणि कर्तव्यात वारंवार कसूर करणाऱ्याला पदावरून काढता येते. न करण्याला शिक्षा, हा गाभा तोच राहिला.

समूहाचे काम पाहणाऱ्यांबद्दल धर्मशास्त्रही गप्प नाही. याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात अशा माणसांना कार्यचिंतक म्हटले आहे. ते धर्म जाणणारे, शुचिर्भूत आणि निर्लोभी असावेत. समूहाच्या कामावर पाठवलेल्याला जे मिळेल ते त्याने आणून द्यावे. आपण होऊन दिले नाही तर त्याच्याकडून अकरापट वसूल करावे. सदस्य, पदाधिकारी या आजच्या शब्दांपेक्षा कार्यचिंतक हा शब्द सरस आहे, कारण त्यात पद नाही, चिंता आहे.

याच परंपरेची दुसरी बाजू लपवण्यात अर्थ नाही. जैमिनींच्या सहाव्या अध्यायानेच शूद्रांना यज्ञाचा अधिकार नाकारला. खाडीकाठी बांध राखणारे आगरी आणि होड्या हाकणारे कोळी त्या शास्त्राच्या नजरेत नित्यकर्माचे अधिकारी नव्हते. स्मृतींनी त्यांच्यासाठी उघडे ठेवले ते पूर्त. इष्ट म्हणजे यज्ञयाग, आणि पूर्त म्हणजे विहीर, तळे, धर्मशाळा, बाग, अन्नछत्र. पूर्ताला स्त्री-शूद्रांसह सगळ्यांना मुभा होती. धर्माचे जे अंग कमी प्रतिष्ठेचे म्हणून सर्वांना दिले, तेच पुढे लोकशाही कारभाराचे मुख्य काम झाले. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांची यादी म्हणजे बहुतांशी पूर्तच. हा उलटफेर इतिहासाने मुद्दाम केल्यासारखा वाटतो.

पूर्तातही काम्य आणि नित्य यांचे भांडण आहे. तळे बांधणे पुण्याचे. म्हणून बांधणाऱ्यांची रांग लागते आणि दगडावर नाव येते. पण धर्मशास्त्राने बांधण्यानंतर उत्सर्ग सांगितला. विधिपूर्वक तळे सोडून द्यायचे, यापुढे हे पाणी सगळ्या प्राण्यांचे. हे पाऊल न उचलले तर तळे खाजगी राहते. म. म. पां. वा. काणे यांच्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथात या विधीची सविस्तर चर्चा आहे. शिवाय पडझड झालेले तळे किंवा देऊळ पुन्हा नीट करणाऱ्याला मूळ बांधणाऱ्याइतकेच फळ मिळते, असे स्मृती सांगतात. उद्घाटनाच्या कोनशिला गावोगाव दिसतात. डागडुजीची कोनशिला पाहण्यात येत नाही. स्मृतिकारांना हे ठाऊक असावे, नाहीतर समान फळाचे आमिष दाखवण्याचे कारण नव्हते.

फळ नाही, नाव नाही, आठवण नाही. अशा कामात माणसाचे मन राहावे कसे? पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर जी प्रवचने दिली, त्यांत याचे एक स्वतंत्र उत्तर आहे. गीतेतल्या ‘विकर्म’ शब्दाचा अर्थ शंकराचार्य निषिद्ध कर्म असा करतात. विनोबांनी तो विशेष कर्म असा घेतला: बाहेरच्या कामाला जोडलेले आतले काम, मनाचा ओलावा. कर्माला विकर्म मिळाले की त्याचा भार नाहीसा होतो आणि ते अकर्म होते. व्युत्पत्तीच्या दृष्टीने या अर्थावर वाद घालता येईल. कामाच्या दृष्टीने तो मार्मिक आहे. दिवेलागणीला तुळशीपुढे पणती लावणारी बाई आणि खांबावरचा दिवा लावणारा पंचायतीचा शिपाई एकाच वेळी एकच काम करतात. बाईला ते ओझे वाटत नाही. शिपायाला वाटते, आणि त्याचा पगार थकला असेल तर वाटणारच. विकर्म ही पगाराची जागा घेणारी गोष्ट नाही, हे विनोबांचे नाव घेणाऱ्या आश्रयदात्यांना अनेकदा सांगावे लागते.

शेवटचा प्रश्न अधिकाराचा. मीमांसेत अधिकार म्हणजे हुकूम चालवण्याची सत्ता नव्हे. विधी ज्याला उद्देशून आहे, कर्म करण्याची पात्रता आणि जबाबदारी ज्याची, तो अधिकारी. प्रत्यवाय लागतो तो अधिकाऱ्यालाच. ज्याच्यावर विधीच नाही त्याला तो न केल्याचा दोष नाही. खाडीकाठच्या गावात हा धागा गुंततो. धक्का आणि जलमार्ग महाराष्ट्र सागरी मंडळाचा. मासेमारीची बंदी, १ जून ते ३१ जुलै, मत्स्यव्यवसाय विभागाची. मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा. भरतीरेषेलगतचे बांधकाम किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत. ओहोटीला गाळात लाँच अडकते तेव्हा गाव पंचायतीला बोल लावते. पंचायतीच्या ग्रामसूचीत तो गाळ नाही.

बांधाचे तेच झाले. पूर्वी शिलोत्रदार बिघ्यामागे ठरावीक भात घेऊन बाहेरचा बांध राखत. इतर ठिकाणी जोळ असे, म्हणजे बांधालगतच्या शेतकऱ्यांनी मिळून श्रमाने बांध राखण्याची रीत. उधाणाच्या आधी बांधावरून चालत जायचे, भोके पाहायची, चिखल भरायचा. १९४८ला खारभूमीचा कायदा झाला, १९७९ला नवा झाला आणि शासकीय योजनांतले बांध खारभूमी विभागाकडे गेले. मोठ्या खांडी बुजवायला लागणारा पैसा आणि यंत्रे त्यामुळे मिळू लागली, हे खरे. पण विधी ज्याच्यावर होता तो बदलला. जोळ विस्कटली. आता खेकड्याचे भोक पहिल्यांदा दिसते ते बांधावर गुरे नेणाऱ्याला. ते बुजवणे त्याचे नित्यकर्म राहिलेले नाही. तो पंचायतीत सांगतो. पंचायत मासिक सभेत ठराव करते, सूचक आणि अनुमोदकासह, आणि प्रत खारभूमी विभागाकडे रवाना होते. जावक नोंदवहीत तिचा क्रमांक पडतो, विभागाच्या आवक नोंदवहीत दुसरा. मधल्या काळात अमावास्या येते.